खिडकीजवळची जागा

सोमोएला सोमवारी सकाळी ऑफिसात बोलावणं आलं. काजू सोलणीच्या बाकावर चाळीस बायका, आणि बोलावणं हिला एकटीला. काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं. कोणी मान वर केली नाही, सुऱ्या चालतच राहिल्या.

क्यांडो साहेब कारखान्याचा मॅनेजर. वर डोंगरातल्या न्जोंबेकडचा माणूस, पण किनाऱ्यावरच्या म्तवाऱ्याच्या उकाड्यातही अंगातला कोट कधी निघायचा नाही. त्याने तिला बस म्हटलं नाही. त्याच्या डोक्यावर भिंतीला मालकांचा फोटो होता, बर्फात उभे असलेले चार हसरे पुरुष. सोमोएच्या एकोणीस वर्षांत त्यातला एकही इथवर फिरकला नव्हता. आधीची दहा वर्षं तिने टरफलं फोडली. काजूच्या चिकाने बोटं भाजायची, आणि हातमोजे मागितले की मागचा मॅनेजर म्हणायचा, राख चोळा. राख चोळून चोळून तिच्या बोटांची कातडी आता गुळगुळीत झाली होती, गरम चहाचा पेला धरला तरी कळायचं नाही. बर्फातल्या त्या चौघांना याचं काय!

क्यांडो म्हणाला, तुमच्याविरुद्ध साक्ष आली आहे. तुम्ही काजूगर कांग्यात बांधून बाहेर नेता.

सोमोएने आयुष्यात एक तुकडासुद्धा उचलला नव्हता. रोज संध्याकाळी फाटकावर अंगाला गुंडाळलेला कांगा सोडून झाडून दाखवायचा, डोक्याचं फडकंही काढायचं. बाई काय नेणार आणि कुठून? तिने विचारलं, कोणी सांगितलं?

"ते सांगता येत नाही," तो म्हणाला. "तुमच्याच बाकावरचं माणूस आहे. गुरुवारपर्यंत वेळ देतो. स्वतःहून राजीनामा लिहून द्या. नाहीतर तुम्हालाही कोणाबद्दल काही माहीत असेलच, ते येऊन सांगा. कंपनी मदत करणाऱ्याला विसरत नाही."

ती बाहेर आली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी झैना न्दांडाला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष. ही जागा गेली की ते वर्ष गेलं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी असले हात घेऊन दारात आलेल्या बाईला कामाला ठेवणार कोण? ती येऊन आपल्या जागेवर बसली. बाकाच्या टोकाला, खिडकीजवळ, जिथे उजेड आणि समुद्राकडचा वारा येतो. अख्ख्या सोलणीत हेवा करण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती.

शेजारी स्कोला. तिने मान न वळवता विचारलं, "काय ग चोरटे, पकडली का शेवटी?"

बाकावर हशा पिकला. सोमोए मात्र हसली नाही.

आता हे सांगायलाच हवं. स्कोला मसासीकडची, माकुआ. सोमोए माकोंडे. या दोन जमातींचं पणजोबांच्या वेळेपासून थट्टेचं नातं. एकमेकांचे म्तानी. म्तानीने तोंडाला येईल ते बोलावं, ताटातला मासा उचलावा, चारचौघांत अब्रू काढावी, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागवला तर तो खोटा माणूस. स्कोलाच्या म्हणण्याप्रमाणे सोमोएच्या पणजोबाने तिच्या पणजोबाची कोंबडी पळवली होती आणि ती अजून परत आलेली नाही, म्हणून सोमोए जन्माचीच चोर. उलट सोमोए म्हणायची, माकुआंकडे पाहुणा येताना दिसला की आधी चूल विझवतात. रोज संध्याकाळी फाटकावर झडतीची रांग लागली की स्कोला मागून ओरडायची, नीट झाड रे हिला, हिच्या कांग्यात अर्धा कारखाना आहे! फाटकावरचा रखवालदार इस्सासुद्धा हसायचा. दिवसभर पाठ मोडून बसल्यावर दुसऱ्या कोणी तुमच्या कपड्यांत हात घालायचा, हे सोसायचं कसं? त्या एका आरोळीवर बायका ते सोसून घ्यायच्या.

आणि थट्टेपलीकडचंही होतं. सोमोएचा नवरा गेला त्या दिवशी स्कोला त्याचाच शर्ट घालून आली, त्याच्या चटईवर आडवी झाली आणि त्याच्याच आवाजात, नाकातून, चहा मागायला लागली. साखर जास्त, म्हणाली. रडून रडून सुजलेली सोमोए त्या दिवशी हसली होती. सख्ख्या बहिणीला जमलं नसतं ते.

पण सोमवारी तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तुमच्याच बाकावरचं माणूस. कोण?

मंगळवारी तिने एकेकीकडे बघायला सुरुवात केली. समोरची ती नवी पोर, सारखी हसते, कशाला हसते? पलीकडची हादिजा दोन महिन्यांपूर्वी सोमोएशी सोललेल्या गरांची ताटं जमा करायच्या रांगेवरून भांडली होती, ती आज आपणहून तळलेल्या मंदाझीचा तुकडा पुढे करते, का? सोमोएने तो घेतला नाही. दुपारी चहा आला, तोही तिने ओतून दिला. वेड्यासारखं वागतेय हे तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग? कोणी बोलत असलं की तिला वाटायचं आपल्याबद्दल बोलतायत, आणि गप्प बसलं की वाटायचं आत्ताच बोलून थांबलेत. झालेलं तिने कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं कोणाला, ज्याला सांगावं तोच असला तर?

त्या दिवशी स्कोला कामावर आलीच नाही. का नाही आली?

बुधवारी आली. आणि जेवणाच्या सुट्टीत सोमोएने तिला ऑफिसच्या पायऱ्या उतरताना पाहिलं, हाताने कठडा चाचपत, घाईघाईने. सोमोएने विचारलं, तिकडे कशाला गेली होतीस? स्कोला म्हणाली, पोटात कळ आली, गोळी मागायला. आता गोळ्यांचा डबा फाटकावर इस्साकडे असतो, हे कारखान्यातल्या मांजरालाही माहीत.

मग कामाला बसताना स्कोलाने तिच्या बरगडीत कोपर मारलं. "तू गेलीस की ही खिडकीजवळची जागा माझी हं. सांगून ठेवते."

हे ती आठ-नऊ वर्षं म्हणत आली होती. तू मेलीस की जागा माझी, तुला पुरलं की दुसऱ्या दिवशी इथे माझी गादी. पण आज ती मेलीस म्हणाली नाही, गेलीस म्हणाली. सोमोए जाणार हे हिला कोणी सांगितलं? ऑफिस सोडून कोणाला माहीत होतं? सोमोएने तिच्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीचा तो चेहरा तिला एकदम परका वाटला.

त्या संध्याकाळी झडतीच्या रांगेत स्कोला नेहमीसारखी ओरडली, अर्धा कारखाना आहे हिच्या कांग्यात! सगळ्या हसल्या. सोमोएच्या मनात आलं, ही थट्टा नाही. ही रोज, सगळ्यांच्या देखत, माझ्या गळ्यात चोरी बांधते आहे. इतकी वर्षं बांधत आली आणि मी मूर्ख हसत राहिले.

आता स्कोलाचंही एक गुपित होतं, आणि ते सोमोएशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. स्कोलाचे डोळे गेले होते. अगदी आंधळी नव्हे, पण सगळं धुरकट, कडेकडेने दिसायचं. सोलायची ती बोटांनीच, आणि साल इतकी सफाईने काढायची की कोणाला शंका येऊ नये. पण पांढरा गर कुठला आणि करपलेला कुठला हे तिला कळायचं नाही. तर सोमोए दर थोड्या वेळाने तिच्या ताटातून हात फिरवायची आणि करपलेले वेचून काढायची. दोन वर्षांपूर्वी डोळे तपासायला कोणी आला होता, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून. ज्या सात जणींना अक्षरं वाचता आली नाहीत त्या त्याच आठवड्यात घरी बसल्या. तेव्हा सोमोए रांगेत पुढे होती. परत येताना तिने खालच्या दोन ओळी स्कोलाच्या कानात सांगितल्या, आणि स्कोलाने त्या भिंतीकडे टक लावून घडाघडा म्हटल्या. त्यावरून दोघी आठवडाभर हसत होत्या.

गुरुवारी दुपारी सोमोए ऑफिसात गेली. जिना चढताना तिच्या डोक्यात एकच होतं, स्कोलाने माझा गळा कापायच्या आधी मीच.

तिने सांगितलं. स्कोलाला दिसत नाही, तक्ता तिने पाठ केला होता, ताट तिचं मी बघते.

क्यांडोने सगळं वहीत लिहून घेतलं. शांतपणे, मध्ये एकदा पेन झटकून. लिहून झाल्यावर तो खुर्चीत मागे टेकला. "तरीच," तो म्हणाला. "काल येऊन दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीजवळ जागा द्या म्हणत होती. मंगळवारी दवाखान्यात गेली होती, तिथून दोन महिन्यांनी परत बोलावलंय, तोवर पुरे, म्हणाली. का ते सांगेना. उजेड हवा होता होय."

सोमोएने विचारलं, "एवढ्यासाठीच आली होती?"

"एवढ्यासाठीच. वर तुम्हाला सांगू नका म्हणाली. तुम्ही स्वतःच उठून द्याल आणि वाऱ्यावाचून घुसमटाल, म्हणे."

"मग माझ्यावर साक्ष दिली कोणी?"

त्याने दुसरी वही उघडून तिच्यासमोर फिरवली. फाटकावरची वही. इस्साच्या वाकड्या अक्षरात, तारखेसह, एकाखाली एक तीच ओळ लिहिली होती. कामगार स्कोलाने सर्वांसमोर सांगितले की सोमोएच्या कांग्यात अर्धा कारखाना आहे. फाटकावर जे ऐकू येईल ते लिहून ठेव, असा त्याला दोन महिन्यांपूर्वी हुकूम झाला होता. त्याने बिचाऱ्याने जे ऐकू आलं ते लिहिलं.

"ही थट्टा आहे," सोमोए म्हणाली. "ती माझी म्तानी आहे."

"माहीत आहे मला. आमच्याकडेही म्तानी असतात." क्यांडोने वही मिटली. "बाकावरून एक माणूस कमी करा असं वरून आलं आहे. कोणाला काढायचं ते मी ठरवलं असतं तर उद्या बोभाटा झाला असता. ते तुम्हीच सोडवलंत."

ते खोडा, ती म्हणाली. मी खोटं सांगितलं, खोडा ते. तो म्हणाला, लिहून झालं, आणि फोन उचलून कोणाशी तरी पोत्यांबद्दल बोलायला लागला. सोमोए तिथेच उभी होती. फोटोतले चौघे हसत होते. शेवटी त्याने हाताने दार दाखवलं.

सांगायला हवं होतं, त्याच दिवशी, तिथल्या तिथे. बाकावर येऊन बसल्यावर तिने दोनदा तोंड उघडलं. स्कोलाच्या ताटात तीन करपलेले गर दिसत होते, ते तिने सवयीने उचलले. स्कोला म्हणाली, हात आवर चोरटे. आणि सोमोए खाली बघून सोलत राहिली. उठून तिला खिडकीजवळ बसवावं, एवढंही सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी स्कोलाला बोलावणं आलं. ती अर्ध्या तासात परतली. तक्ता पुन्हा काढला होता, या वेळी दुसरा. बाकाशी येऊन तिने चाचपत आपली गादी घेतली, सुरी पुसून ठेवली. हादिजाने विचारलं, काय झालं? स्कोला म्हणाली, डोळे. एवढंच. कोणी सांगितलं हे तिने विचारलं नाही. ज्याला माहीत होतं असं माणूस जगात एकच होतं, विचारायचं काय?

संध्याकाळी सुटताना स्कोला अजून फाटकापाशीच होती, तिचा हिशोबाचा कागद यायचा होता. गादी काखेत धरून ती भिंतीला टेकून उभी होती. झडतीची रांग तिच्यापुढूनच सरकत होती. सोमोएची पाळी आली. तिने कांगा सोडला आणि इस्साच्या हातात दिला. रांग थांबली. सगळ्याजणी वाट बघत होत्या, सोमोएही. ओरड, ती मनात म्हणत होती. चोर म्हण मला. यावेळी तर खरंच आहे.

स्कोला ओरडली नाही.

तेव्हा सोमोएच बोलली. "काय ग ए कंजूष माकुआ, मला येताना पाहून चूल विझवलीस का?"

स्कोलाने आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. तिचे डोळे सोमोएच्या चेहऱ्यावर नव्हते, जरा बाजूला, खांद्याजवळ कुठेतरी होते. ती अगदी हळू, अगदी नीट बोलली, बाजारात अनोळखी बाईशी बोलतात तशी.

"बऱ्या आहात ना, ताई? घरचे सगळे ठीक? झैनाला माझा नमस्कार सांगा. तिचं वर्ष पुरं होऊ दे."

रांगेतल्या एकीने मान खाली घातली. इस्साने कांगा दोनदा झाडला, त्यातून काहीच पडलं नाही, आणि त्याने तो घडी करून परत दिला. सोमोए तो हातात धरून उभी राहिली. मागची म्हणाली, ताई, सरका ना पुढे.