ऑफिस टाइम उमललं नाही त्या सकाळी

ऑफिस टाइम हे फूल उन्हं वर आली की दहाच्या सुमारास उमलतं आणि दुपारी मिटतं. म्हणूनच त्याला हे नाव पडलं, असं लोक समजतात. नोंदणी कचेरीतल्या हेडक्लार्कना हे अजिबात मान्य नव्हतं. नाव आपल्या ऑफिसवरूनच पडलंय, असं ते छातीठोक सांगत. त्यामुळे पायरीवरच्या कुंडीत फूल उमललं की मगच खिडकी उघडायची, असा तिथला नियम होता. भिंतीवरचं घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

आमचं अडलं. ताईचं लग्न नोंदवायचं होतं आणि होणारे भावोजी दुसऱ्या दिवशी बोटीवर चढणार होते, ते थेट दीड वर्षासाठी. नेमकं आभाळ गच्च. धुकं इतकं, की रांगेतली माणसं कमरेखाली नव्हतीच. कळ्या घट्ट मिटलेल्या. रांग उभ्या उभ्या पेंगत होती. भावोजी ताईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते; नवरा म्हणून सुरुवात चांगली होती.

ताईने काच वाजवली. "काका, उघडा ना."

"फूल कुठे उमललंय?" विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"मी कळीवर मोबाइलचा टॉर्च मारू?" मी म्हणालो.

"तू अक्कल पाजळू नकोस." मग ताईने काचेला नाक लावलं. "काका, नाव नक्की तुमच्या ऑफिसवरूनच पडलंय ना?"

"शंकाच नको!"

"मग ते तुमचं बघून उमलत असणार. तुम्ही त्याची वाट बघताय आणि ते बिचारं तुमची."

आत खुर्ची सरकली आणि काचेमागे हेडक्लार्कांचा रडवेला चेहरा तरंगत आला.

"म्हणजे अख्खा पावसाळा आम्ही दोघं नुसतेच..."

खिडकी उघडली. आतला पिवळा उजेड पायरीवर सांडला. सगळी रांग कुंडीकडे वळली. कळी हलल्यासारखी वाटली.

"हलली ना हो, भावोजी?" मी विचारलं.

"हो," ते झोपेतच म्हणाले.

"वराची संमती मिळाली," म्हणत हेडक्लार्कांनी शिक्का मारला.

"उठा, सही करा," ताई म्हणाली. "नवरा झालात तुम्ही."

"कधी?"

"हे काय, आत्ता."

भावोजींनी सही केली. मग ताईकडे असं पाहिलं, जणू स्वप्नातही तीच होती, फक्त जरा लांब.

"उद्या कधी निघायचं?" तिने विचारलं.

"उजाडलं की."

"मग पुष्कळ वेळ आहे," ताई म्हणाली आणि त्यांचा हात धरून धुक्यात चालू लागली.