निवार निघतो कसा

राजेश्वरीच्या कथेतला निवार तीन भाग नुसता नाही म्हणत होता. चौथ्या भागात तो निघाला, आणि त्याच दिवशी तिला एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचा निरोप आला.

राजेश्वरीचं ढोकीत झेरॉक्सचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती मागच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये बसायची आणि मोबाइलवर आपली कथा बोलून ठेवायची आणि भागाभागानं लोकांना ऐकायला टाकायची. नवरा गौरीशंकर तेवढा वेळ गल्ला सांभाळायचा, कुणी मोठ्यानं बोललं की तोंडावर बोट ठेवायचा. कथेचं नाव होतं ‘सात वेशींचं राज्य’. त्या राज्यातल्या सातही वेशींवरचे पलिते विझत चाललेले असतात आणि पलीकडचा अंधार आत सरकत असतो. एकाच माणसाच्या भट्टीतला विस्तव पिढ्यान् पिढ्या विझलेला नसतो, तो निवार. फुटाणे भाजणारा. तोच विस्तव सातव्या वेशीपर्यंत न्यायचा असतो. राणीची माणसं त्याच्या दारात येतात आणि निवार म्हणतो, मी येत नाही.

गळिताच्या हंगामात ही कथा ऐकणारे भलतेच वाढले होते. कारखान्याच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर तासन् तास नंबर लावून उभे राहत, आणि एकाच्या फोनवर कथा लागली की आजूबाजूचे चारदोन ड्रायव्हर येऊन बसत. त्यांचे निरोप यायचे. “लई भारी, ताई.” “पुढचा भाग कवा?” त्यात हा निरोप निराळा होता.

“ताई, नमस्कार. बजरंग बोलतोय. निवार न्हाय म्हणला तवा लई बरं वाटलं बगा. म्हणलं, आपल्यासारखा माणूस भेटला एक. आन मग त्या साधूनं येऊन दोन वाक्यं बोलली, आन ह्यो निघाला! असं कोन निघतं व्हय?”

राजेश्वरीला आधी राग आला. रात्रंदिवस डोकं घालून साधूची ती दोन वाक्यं तिनं घडवली होती. पण पोळ्या लाटता लाटता राग कधी निवला आणि त्याच्या जागी नुसतं कुतूहल कधी येऊन बसलं, हे तिचं तिलाच समजलं नाही. अशा कथा तिनं लहानपणापासून वाचल्या होत्या. नायक आधी नको म्हणतो, मग निघतो. म्हणून तिचाही निवार आधी नको म्हणाला, मग निघाला. तो का अडला आणि कशानं सुटला, हे तिनं त्याला कधी विचारलंच नव्हतं.

तिनं उलट निरोप धाडला, “मग कसं निघतं, बजरंगदादा?”

उत्तर आलं, “ते मला काय ठावं? मी ट्रॅक्टर चालवतो.”

दुसऱ्या दिवशी दुकान गौरीशंकरवर सोपवून ती स्कूटी घेऊन निघाली. ओढ्याच्या चढावर नंबर लागलाय, एवढं तिनं बजरंगकडून काढून घेतलं होतं. कारखान्याची वाट तिथं ओढ्यात उतरायची आणि पलीकडं मुरमाच्या अरुंद चढानं वर यायची. एका वेळी एकच गाडी. डाव्या अंगाला चढाची कड ढासळलेली, खाली ओढ्याचे दगड. त्या दिवशी दोनच ट्रॅक्टर चढून वर सपाटीला लागले होते. बाकीची सगळी रांग अजून ओढ्याच्या अलीकडं होती.

त्यातल्या एका ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बजरंग वर बाभळीच्या विरळ सावलीत पोत्यावर बसला होता. चाळिशी ओलांडलेला, अंगानं आडवा, बोलताना समोरच्याकडं न बघणारा. शेजारी दुसऱ्या ट्रॅक्टरचे मालक धोंडप्पा होते. सत्तरीला टेकलेले, डोक्याला मळका रुमाल, आणि कान राजेश्वरीच्या आवाजाला इतके सरावलेले की तिनं “नमस्कार” म्हणताच ते उठून उभे राहिले.

“आवाज ओळखला म्या! निवारची आई हाय ही,” धोंडप्पा म्हणाले.

राजेश्वरी हसली आणि मातीतच बसली. “दादा, मला खरंच विचारायचंय. तुम्ही कधी कशाला नाही म्हणालात का?”

“मी?” बजरंग म्हणाला. “मी सगळ्यालाच न्हाय म्हणतो.”

“खरं हाय ते,” धोंडप्पा म्हणाले. “मुकादम हो म्हणलं, तर न्हाय. ड्रायव्हरांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन हो म्हणलं, तर न्हाय. बहिणीच्या लग्नात फेटा बांध म्हणलं, तर त्याला बी न्हाय.”

“का?”

“एकदा व्हय म्हणलं की माणसं आपल्याकडंच बगाया लागतात,” बजरंग म्हणाला. “मला न्हाय आवडत तसं कुणी बगितल्यालं.”

राजेश्वरीला हे उत्तर फार वेगळं वाटलं. तिचा निवार म्हणाला होता, मी साधा माणूस, मला हे कसं जमणार? तो भीत होता. या माणसाला जमणार नाही असं तर वाटतच नव्हतं. आपल्याला जमतं हे लोकांना कळेल, याचंच त्याला भय होतं. ती पुढचा प्रश्न जुळवत होती, तेवढ्यात खालून ओरडा आला.

तिघंही धावत चढाच्या वरच्या तोंडाशी गेले. रणधीर नावाच्या ड्रायव्हरचा ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन निम्म्या चढावर अडकला होता. हंगामाच्या तोंडावर त्यानं तो नवा घेतलेला, हात अजून बसला नव्हता. चढताना इंजिन बंद पडलं, सगळा भार मागं आला, आणि मागची ट्रॉली तिरकी होऊन ढासळत्या कडेला जाऊन टेकली. तिचं एक चाक निम्मं हवेत होतं. रणधीर दोन्ही पायांनी ब्रेक दाबून, स्टिअरिंगला घट्ट धरून बसला होता.

“उतर की रं!” खालून कुणी ओरडलं.

“पाय काढला की जातंय मागं!” रणधीर रडवेल्या आवाजात म्हणाला. “दगुड लावा, दगुड!”

खालच्या माणसांनी धावत येऊन चाकांमागं दगड घातले. पण मुरूम भुसभुशीत होता. राजेश्वरीच्या डोळ्यांदेखत दगड चाकाखाली रुतत गेले आणि ट्रॅक्टर बोटभर मागं सरकला. सगळी माणसं मागं पळाली.

वरून टोचन, म्हणजे साखळी, लावून ओढण्याशिवाय इलाज नव्हता. आणि वर दोनच ट्रॅक्टर होते. खालून पन्नास तोंडं एकदम वर वळली. “बजरंग! टोचन लाव!”

“न्हाय,” बजरंग म्हणाला.

राजेश्वरीनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. तो जागचा हललाही नव्हता.

“अरे, न्हाय काय म्हणतो?” खालून कुणीतरी ओरडलं.

“न्हाय म्हंजे न्हाय. तेवडा भार हाय त्याला. माझ्या ट्रॅक्टरचं तोंड उचललं तर मी उलटा पडंन त्याच्याच उरावर. त्याला म्हणावं, उडी मार. ऊस जाऊ दे, ट्रॅक्टर जाऊ दे.”

“त्याला उडी मारता येत नाही, दादा,” राजेश्वरी हळू म्हणाली. “बघा ना. त्याचे हातच सुटत नाहीत.”

बजरंगनं पाहिलं. रणधीरचे हात स्टिअरिंगला गच्च आवळलेले होते. बजरंगनं मान फिरवली. “मला लेकरं हायत,” तो म्हणाला. मग, “माझ्या साखळीचा भरवसा न्हाय.” मग, “गेल्या साली बी मलाच लावलं होतं.” राजेश्वरी ऐकत होती. प्रत्येक कारण खरं होतं, आणि एक सांगून झालं की त्याला लगेच दुसरं सांगावं लागत होतं.

मागं इंजिनाची धडधड ऐकू आली. धोंडप्पांनी आपला ट्रॅक्टर चालू केला होता. ट्रॉलीची पिन काढून म्हातारा सीटवर चढला होता आणि रुमाल कानावर आवळत होता.

“आप्पा, काय करताव?” बजरंग ओरडला.

“तू न्हाय म्हणला. माझा ट्रॅक्टर हाय की.”

“तुमच्या ट्रॅक्टरला त्यो फरफटत नेईल! क्लच तरी धरतोय का तुमचा?”

“धरतंय थोडं थोडं,” धोंडप्पा म्हणाले आणि गिअर टाकला.

बजरंगच्या तोंडून अशी शिवी निघाली की राजेश्वरीनं मान खाली घातली. ती आप्पांना होती, रणधीरला होती, बहुधा तिलाही होती. तो धावत गेला, हात घालून धोंडप्पांचा ट्रॅक्टर बंद केला आणि किल्ली काढून खिशात टाकली. “खाली उतरा. त्या कडंला उभं ऱ्हा आन मला हात दाखवा. मी फुडं बगणार हाय, मागचं मला दिसायचं न्हाय. तुमी हात खाली केला की मी थांबणार. कळलं का?”

“कळलं,” धोंडप्पा म्हणाले, आणि ते खरोखर कडेला जाऊन हात वर करून उभे राहिले.

पुढचं सगळं फार सावकाश झालं. बजरंगनं आपल्या ट्रॉल्यांची पिन काढली, ट्रॅक्टर उलटा घेत चढाच्या तोंडाशी आणला, साखळी दोनदा तपासून रणधीरच्या ट्रॅक्टरला अडकवली. तिथं उभं राहून तो रणधीरशी काहीतरी बोलला. राजेश्वरीला शब्द ऐकू आले नाहीत, पण रणधीरनं मान डोलावली आणि किल्ली फिरवली. मग बजरंग वर आला, सीटवर बसला, आणि साखळी हळूहळू ताणली गेली. त्याच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली. धोंडप्पांचा हात झटकन खाली आला. बजरंग थांबला. चाकं टेकली. हात वर गेला. पुन्हा तसंच. मग एकदा चाकं उचललीच नाहीत. मागची ट्रॉली कुरकुरत कडेवरून आत आली आणि दोन ट्रॅक्टर एकामागं एक सपाटीला लागले.

रणधीरला चौघांनी धरून उतरवलं. कुणीतरी बजरंगला खांद्यावर उचलायला पुढं आलं.

“हात लावू नगा,” तो खेकसला. तो ट्रॅक्टरमागं जाऊन बसला. राजेश्वरीनं तिथं जाऊन त्याला पाण्याची बाटली दिली. ज्यासाठी ती आली होती, तो प्रश्न तिला गिळवेना.

“दादा, का गेलात?”

“आप्पा उठला म्हणून.”

“एवढंच?”

बजरंगनं विचार केला. “न्हाय, एवडंच न्हाय. आप्पा उठला तवा मला राग आला. मी न्हाय म्हणलो त्याचं वझं ह्यानं का उचलावं? माझं न्हाय माझंच ऱ्हाया पायजे हुतं.” त्यानं बाटलीचं झाकण लावलं. “ताई, मला बी नीट सांगता येईना. तुमीच लिवता, तुमीच बगा.”

“भीती गेली होती का जाताना?”

“कुठली जाती? आत्ता बी हाय.”

राजेश्वरीनं चौथा भाग काढून टाकला. ऐकणाऱ्यांना तसं सांगून टाकलं, आणि नवा भाग बोलायला बसली. साधू गेला, त्याची दोन्ही वाक्यं गेली. निवारच्या दारातून राणीची माणसं परततात, तेव्हा गल्लीतली एक आंधळी म्हातारी आपल्या चुलीतला विझत आलेला निखारा वाडग्यात घेऊन वेशीकडं चालू लागते. निवार दार लावून घेतो. दार उघडतो. तिला शिव्या देतो. तिच्या हातातलं वाडगं हिसकावतो, त्यात आपल्या भट्टीतला विस्तव भरतो. आणि तिला म्हणतो, तू पुढं चाल, वाट तुझी पायाखालची आहे. जाताना त्याची भीती गेलेली नसते. बोलता बोलता राजेश्वरीच्या ध्यानात आलं, की निवार आता तिचं ऐकत नव्हता. पुढच्या वेशीवर तो काय करणार हे तिला माहीत नव्हतं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते जाणून घ्यायची तिला घाई झाली.

बजरंगचा निरोप आला. “बरं हाय. पर ताई, म्हातारीला आंधळी कामून केली? डोळस असती तरी चाललं असतं. आमच्या आप्पाला लई नीट दिसतंय.”

तिनं यावरही विचार केला आणि म्हातारीला डोळे दिले.

हंगाम सरत आला तेव्हा ती पुन्हा एकदा त्या वाटेनं गेली. बजरंगचा ट्रॅक्टर चढाच्या माथ्यावर उभा होता, तोंड कारखान्याकडं. ट्रॉल्या सोडून बाजूला लावलेल्या, आणि साखळी मागच्या हुकाला अडकवून तयार. खालून एकेक ट्रॅक्टर चढत होता. धोंडप्पा त्या दिवशी आले नव्हते. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं तिला सांगितलं, की बजरंगचा नंबर मघाशीच लागला होता, पण तो गेला नाही. रोजच असं करतो. शेवटची गाडी वर आली की मग निघतो.

“दादा, तुम्हाला कुणी थांबायला सांगितलं?” तिनं विचारलं.

“मी कुठं थांबलोय?” बजरंग म्हणाला. “च्या पितोय.”

त्याच्या हातात चहा नव्हता. खाली रणधीरचा ट्रॅक्टर चढाला लागला होता, आणि बजरंग उठून कडेला गेला होता. एक हात वर करून.