तिसऱ्या पायरीचा वाटाड्या

कागद त्या एका जागी इतका झिजला होता की खालचं टेबल दिसत होतं. ‘वाटाड्याला वाट दिसण्याचा गुण – तिसऱ्या पायरीवर.’ श्रीहरीनं ‘तिसऱ्या’ खोडून ‘पहिल्या’ लिहिलं होतं, ते खोडून पुन्हा ‘तिसऱ्या’... आता खोडरबरानं भोकच पडलं. चार वाजता नीलाबाई खेळायला येतील. इसरू मात्र बहुतेक येणार नव्हता.

नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं उन्हाळ्यात एका इंग्रजी पुस्तिकेची झेरॉक्स दिली होती. फासे टाकायचे, आपण दुसरंच कुणीतरी व्हायचं आणि टेबलाशी बसून डोंगर ओलांडायचे – असा खेळ. श्रीहरीनं तो मराठीत उतरवला, त्यात एटापल्लीचं जंगल घातलं. दवाखान्यातल्या सिस्टर नीलाबाई वैदू झाल्या, जंगलखात्याचा चौकीदार इसरू वाटाड्या. पुस्तिकेप्रमाणे सुरुवातीला सगळे सारखेच, खेळत खेळत एकेक पायरी चढायची. ज्याचा जो खास गुण, तो तिसऱ्या पायरीवर मिळायचा. आणि गेल्या रविवारी दुसऱ्याच पायरीवर इसरूच्या फाशावर एकच पडला, वाटाड्या वाट चुकून दरीत गेला, श्रीहरीनं नियमावर बोट ठेवून त्याला मेलेला ठरवलं.

“वाट चुकते तं तो वाटाड्या काऊन, गुरुजी?” एवढंच म्हणून इसरू चहा न घेता उठला होता.

अकरा वर्षांत या गावात श्रीहरीच्या दारी आपणहून येणारा तो एकच माणूस होता. एका फाशापायी तो तुटला तर... या विचारानं आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नव्हतं.

पण बरोबर कोण, नियम की इसरू? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असंही म्हणतात. म्हणी रचणाऱ्यांचंच एकमत नाही तिथं मी कोण! नीलाबाई तर सांगत होत्या, पांढरी साडी आधी मिळाली, हाताचा थरकाप जायला पुढं वीस बाळंतपणं लागली. आणि माझं? नोकरीची ऑर्डर आली तेव्हा बाबांनी ती विहारात नेऊन बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवली, आमच्या गावाकडं, कुरखेड्याच्या वाटेवर लोक मला गुरुजी म्हणू लागले – ती पहिली पायरी. मग ही शाळा, घरी गोंडी बोलणारी पोरं, प्रश्न विचारला की खाली जाणाऱ्या चाळीस माना... कुणाला काही येत नाही. तिसरी पायरी कुठं राहिली?

तीन वाजता श्रीहरी उठून जंगलखात्याच्या नाक्यावर गेला. इसरू झाडाच्या सालीचा दोर वळत बसला होता. श्रीहरीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं की नियम बदलतो, गुण पहिल्या पायरीलाच देतो, तुझा वाटाड्या जिवंत. इसरूनं मान हलवली. तसंही नाही, म्हणाला.

“वाट मले लहानपणापासूनच दिसे. पण बाप पुढं चालून राह्यला का पोरानं सांगाचं नाई, आमच्या घरी असंच. तो चुकला तरी मांगं मांगं चालाचं. एक डाव दोन कोस चुकलो. बाप थांबला, मले पुढं केलं, मंग बोललो.”

“तोवर बापाला काय वाटायचं?”

“त्याले वाटे, पोराले काई येत नाई.”

श्रीहरी वळला. चार वाजता येतोस ना, हे विचारायचं राहूनच गेलं. परतताना खेळ डोक्यात नव्हताच. त्या चाळीस माना होत्या. मी पुढं, फळ्याला चिकटून, अकरा वर्षं... आणि त्यांना काय काय येत असेल? कुणाला नदीचा उतार, कुणाला पाखरांची नावं, कुणाला कदाचित माझीच गणितं... उद्या मी बाजूला सरलो, वर्गाच्या मागं जाऊन बसलो, तर कोण पुढं होईल? की कुणीच नाही? त्याला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि तरी सोमवार लवकर उजाडावा असं अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाटत होतं.