मेणाचा भुगा

या, जरा सरकून जवळ बसा. एका वेड्या भक्ताची गोष्ट सांगतो. देवानं त्याला गळा दिला नाही, नुसते कान दिले.

"काका, ती पेटी काढा," संग्रहाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

जुन्या आवाजांच्या त्या संग्रहात काकांची हयात गेली होती. समोर बसलेली आजी ऐंशीच्या पुढची, गाड्या बदलत बदलत आलेली. आई तिच्या तान्हेपणीच गेली. फोटो नाही, काही नाही. एका अंगाईतला आवाज तेवढा इथे, मेणाच्या नळीवर कोरलेला.

काकांनी नळी फोनोग्राफवर चढवली आणि सुई टेकवली. कर्ण्यातून नुसती खरखर आली.

"मोठं करा की जरा," आजी कानामागे हात नेत म्हणाली. "की माझेच कान गेले?"

"नाही हो आजी. मेण जुनं झालंय," मॅडम हळहळल्या. "काळानं खाल्लं."

गप्प बसले असते तर काकांची अब्रू झाकली राहिली असती. नक्कल होईपर्यंत मूळ नळी वाजवायची नाही, हा तिथला नियम; आज आजीसाठी मॅडमनी तो मोडला होता. नक्कल उतरवायचं यंत्र आज येतंय, उद्या येतंय. आणि दुपारी सगळे जेवायला गेले, की काका दार लोटून, 'एकदाच, देवा, एकदाच' म्हणत तेच गाणं लावत. वर्षानुवर्षं. सुईखाली पांढुरका भुगा जमे; तो कुंच्यानं झटकत. धूळ म्हणे! कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं.

"काळानं नाही," काका मान खाली घालून म्हणाले. "मी. ऐकून ऐकून संपवलं तुमच्या आईला."

"काका!" मॅडम ओरडल्याच.

आजीनं काकांना खालीवर न्याहाळलं. म्हणाली, "मेल्या, एवढं ऐकलंस, तर पाठ तरी झालं असेल की नाही?"

काका गायले. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. पण जिथे ती माउली श्वास घेई, तिथेच त्यांचा श्वास. 'लेकराला नीज दे, देवा, मला जाग दे...' मान काही वर होईना. मधेच थांबले.

"इथे एक मूल रडतं. मग त्या गाणं तिथंच टाकतात आणि म्हणतात, 'आले गं, आले.'"

आजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"परत म्हण," डोळे पुसत ती म्हणाली. "तू काही झिजायचा नाहीस."

त्या संध्याकाळी काकांनी कुंचा नळीशेजारी, त्याच पेटीत ठेवला. त्याच्या केसांत अजून थोडा भुगा आहे.

मंडळी, घरातलं लेकरू निजलं, की क्षणभर त्या माउलीची आठवण काढा.