बाराच्या आधीची हाक

मित्रांनो, ज्याला चावी द्यावी लागत नाही आणि जो सूर्य मावळला की मुका होतो, असा सावलीवरून वेळ सांगणारा मी एक जुना दगड आहे. माझा जन्म धारचा. विठोबा पाथरवटानं मला गोल घडवलं, अंगावर तासांच्या रेघा कोरल्या आणि मधोमध पितळेची तिरकी पाती बसवली. ती तिरकी कशाला, असं तुम्ही विचाराल. आपण पृथ्वीवर जितके उत्तरेला असू, तितका ध्रुवतारा आभाळात उंच दिसतो. पातीची धार त्याच्याकडेच रोखलेली असावी लागते, म्हणून दर गावच्या पातीचा उतार निराळा.

माझे मालक जगदेवराव मोजणी खात्यात होते. काम सोडून ते देवासला राहायला आले, तेव्हा मीही बैलगाडीतून आलो. देवास धारपेक्षा जरासं उत्तरेला. त्यांनी माझ्या उत्तरेकडच्या कडेखाली शिशाचा पातळ पत्रा सारला आणि म्हणाले, "आता तू देवासचा झालास." आळीतली माणसं आपली घड्याळं माझ्यावरून लावून घेत. मला मोठा मान होता.

मग १९०६ साल उजाडलं. साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच वेळ ठरली. तारऑफिसं, कचेऱ्या हळूहळू त्या वेळेवर चालू लागल्या आणि माझ्याकडे येणारी पावलं थांबू लागली.

त्या वर्षीची संक्रांत नुकतीच झाली होती. जगदेवरावांचा मुलगा उदाजीराव धारला एका तलावाची पाळ दुरुस्त करण्याच्या कामावर होता. त्याची बायको कुसुमावती अंगणात गहू वाळत घालत होती. टेकायला म्हणून तिनं हात माझ्यावर ठेवला. सावली अकराच्या रेघेपुढे गेली होती, बारा अजून बरेच लांब होते. एकाएकी ती ताठ झाली.

"आले हं," ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

दारात कोणी नव्हतं. मी काही ऐकलं नाही. पण उन्हानं तापलेल्या माझ्या अंगावर तिचा हात बर्फासारखा गार पडला, तो मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी उदाजीरावाचा सोबती फत्तेसिंग घोड्यावरून आला. त्याचे डोळे सुजले होते.

"पाल बैठ गई, साहेब. भिया नीचे थे."

पाळ खचली होती, आणि ज्याला तो भिया, म्हणजे भाऊ, म्हणे तो उदाजीराव तिच्याखाली गेला होता. जगदेवराव खाटेवर बसले. त्यांनी विचारलं, "केव्हा?"

"बारा बजे. दफ्तर का घंटा बज रहा था."

"काही बोलला?"

"कुछ नहीं, साहेब. बखत ही नहीं मिला."

कुसुमावती दाराआडून ऐकत होती. घरात रडारड झाली, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दिवसकार्य आटोपलं, तरी ती रोज ऊन चढलं की माझ्याजवळ येऊन उभी राही. सावली अकराकडून बाराकडे सरके, तशी ती आपल्याच गळ्याभोवती हात आवळी. जेवण जवळजवळ सुटलं होतं.

सासूनं, राजाबाईंनी, एके दिवशी तिला धरून बसवलं. "काय पाहतेस ग इथं?"

"सासूबाई, त्यांनी मला हाक मारली होती. बाराच्या कितीतरी आधी. म्हणजे मातीखाली ते जिवंत होते. तेवढा सगळा वेळ मला हाका मारत होते, आणि मी इथं गहू पसरत होते. फत्तेसिंग आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं सांगतो."

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण दगडाला तोंड नाही.

राजाबाईंनी ते नवऱ्याच्या कानावर घातलं. जगदेवराव अंगणात आले. दिवसकार्यासाठी थांबलेल्या फत्तेसिंगाला त्यांनी तारऑफिसात जाऊन खिशातलं घड्याळ लावून आणायला सांगितलं. मग सुनेला म्हणाले, "सूनबाई, हाक आली तेव्हा सावली कुठं होती, तिथं बोट ठेव."

तिनं अकरा नि बाराच्या रेघांमध्ये बोट ठेवलं. सावली तिथवर अजून यायची होती. सगळे उन्हात उभे राहिले. फत्तेसिंग घड्याळ हातात धरून होता. सावली सरकत सरकत आली आणि तिच्या बोटाला टेकली.

"बारा बज गए, साहेब," फत्तेसिंग म्हणाला.

कुसुमावतीनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सूर्य सगळ्या गावांच्या डोक्यावर एकदम येत नाही, पोरी," जगदेवराव म्हणाले. "पूर्वेकडे आधी, आपल्याकडे मागून. नकाशावर उभ्या रेघा असतात ना, त्यांतली पूर्वेची एक रेघ सरकारनं धरली. तिथले बारा ते आता सगळ्यांचे बारा. धारच्या कचेरीत घंटा झाली, ती त्या बाराची. हा दगड मात्र आपल्या देवासच्या सूर्यावर चालतो. धारच्या नि आपल्या सूर्यात फरक अगदी थोडा. तुझी हाक आणि ती घंटा एकाच क्षणाची."

"म्हणजे ते..."

"तडफडला नाही तो. तेवढा वेळच नव्हता."

तिनं माझ्यावरचं बोट उचललं. "पण बोलायला वेळ नव्हता, तर मामंजी, मी ऐकलं ते काय?"

"ते मला नाही सांगता येत," जगदेवराव म्हणाले.

तेव्हा ती माझ्यावर डोकं टेकून पहिल्यांदा रडली. त्या दुपारी राजाबाईंनी भरवलेले चार घास तिच्या पोटात गेले.

ती माणसं आता राहिली नाहीत. माझ्याशेजारी कडुलिंब वाढला आहे, आणि त्याच्या दाट सावलीत माझी सावली हरवते. कोणी आलंच, तर चार फांद्या छाटा, एवढीच विनंती. आणि मित्रांनो, दुःखात असलेल्या माणसाला वेळ सांगाल, तेव्हा ती कुठली वेळ, तेही सांगा. तेवढ्या अंतरात कोणाचा तरी जीव अडकून पडतो.