दिव्याचं मत

प्रतापरावांचं ताट सलग तिसऱ्यांदा जवळजवळ तसंच परत आलं, तेव्हा बसवंतानं शेगडी बारीक केली आणि वाढप्याला विचारलं, साहेबांची तब्येत बरी नाही की काय. वाढप्या म्हणाला, तब्येतीला काही झालेलं नाही. एवढ्या पदार्थांची मांडणी बघूनच त्यांची भूक मरत असावी.

बसवंत राजधानीबाहेर, देवनहळ्ळीच्या पुढच्या एका रिसॉर्टमध्ये मुख्य आचारी होता. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या सहली हे तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक. या आठवड्यात मात्र सगळ्या खोल्या एका पक्षानं घेतल्या होत्या. सरकार दोन पक्षांचं होतं, त्यातला हा धाकटा. त्याचे काही आमदार फुटणार अशी हवा होती आणि विधानसभेत बहुमत दाखवायचा दिवस तोंडावर आला होता. तोवर आपली माणसं नजरेसमोर राहावीत म्हणून पक्षानं त्यांना बसमध्ये घालून इथे आणलं होतं. पक्ष कार्यालयातल्या पवित्रा नावाच्या बाईंनी सगळ्या आमदारांचे फोन गोळा करून कपाटात ठेवले होते. ही कैद नव्हे, असं त्या ज्याला त्याला गोड आवाजात समजावत. पक्षाचा व्हीप निघाला आहे, म्हणजे मत कुठे द्यायचं ते पक्षानं ठरवून दिलं आहे. तो मोडला तर आमदारकी जाते. मग उगीच कुणाचं मन कशाला चळू द्यायचं.

बसवंताला यात काही वावगं वाटलं नाही. माणसं भरपूर होती, चुली पेटत्या होत्या, तो खुशीत होता. त्यात प्रतापराव त्याच्याच तालुक्याचे आमदार निघाले. बेळगावच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला त्याचं मळवाडी गाव होतं. राजधानीत, चामराजपेटला संसार थाटून इतकी वर्षं झाली तरी त्यानं मतदार यादीतलं नाव गावातच ठेवलं होतं. दर निवडणुकीला तो बसनं जाऊन मत देऊन यायचा आणि बायको, धनलक्ष्मी, दर वेळी म्हणायची की इथे शाळेत मतदान असतं, चालत जाता येतं.

दुपारी त्यानं ज्वारीच्या दोन भाकऱ्या थापल्या, झुणका केला, मिरचीचा खर्डा ठेचला आणि ताट स्वतः घेऊन गेला. प्रतापराव व्हरांड्यात एकटेच बसले होते. सत्तरीचा, उंच, जरा वाकलेला माणूस. पहिला घास खाऊन त्यांनी मान वर केली.

"कुठला रे तू?"

"मळवाडीचा, आण्णा."

एवढ्यावर ते पोटभर जेवले. मग रोज दुपारी तसंच ताट जाऊ लागलं. प्रतापराव गावातल्या एकेकाची चौकशी करत, आणि बोलणं फिरून पुलावर येई. पावसाळ्यात ओढा भरला की मळवाडी तुटायची. बसवंताची थोरली बहीण अहल्या अंगणवाडीत होती. पाणी चढलं की तिला घरी परतता येत नसे, मग ती अलीकडच्या गावातच कुणाच्या तरी पडवीत राहायची. यंदा पूल मंजूर झाला होता. पण काम अजून सुरू व्हायचं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी सिटी मार्केटमध्ये कोथिंबीर निवडताना बसवंताच्या खांद्यावर हात पडला. रोशन होता. मळवाडीच्याच भागातला, आता विरोधी पक्षाच्या एका पुढाऱ्याची गाडी चालवणारा. चहा पिता पिता त्यानं एक छोटा फोन बसवंताच्या पिशवीत टाकला. प्रतापरावांपर्यंत एवढा पोचव, म्हणाला, त्यांना फक्त एकदा बोलू दे. पुढचं सगळं ठरलेलं होतं. ते राजीनामा देतील, पोटनिवडणुकीत आमच्या तिकिटावर उभे राहतील, निवडून आले की मंत्री.

"आणि सरकार तर पडणारच आहे, बसवंता. आण्णा तिकडंच बसले तर तुमचा पूल कोण बांधणार?"

बसवंतानं पिशवी उचलली. परतताना गेटवर पिशव्या तपासत होते. फोन भाजीच्या तळाशी गेला होता. तो कुणाला दिसला नाही, आणि बसवंतानंही दाखवला नाही. सकाळभर त्याचं हातातल्या कामात लक्ष लागलं नाही. सांबारात मीठ घातलं की नाही तेही त्याला आठवेना. डोळ्यांसमोर परक्या पडवीत गोधडी पसरणारी अहल्या येत होती.

दुपारी त्यानं ताट ठेवलं, शेजारी फोन ठेवला आणि रोशन जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. आपल्याकडून एक शब्दही घातला नाही.

प्रतापरावांनी भाकरी मोडली नाही. त्यांनी फोन उचलून उलटासुलटा करून बघितला.

"मंत्री," ते म्हणाले. "चार वेळा निवडून आलो. आमच्यातल्या कुणी एवढं कधी विचारलं नाही." मग त्यांनी बसवंताकडे पाहिलं. "तू मत कुणाला दिलास? खरं सांग."

"तुम्हालाच की."

"मला दिलास का दिव्याला?"

दिवा ही पक्षाची निशाणी. बसवंत घुटमळला. तुम्हालाच, असं म्हणणं सोपं होतं.

"दिव्याला, आण्णा. आमचा बा दिव्यालाच देत होता. मशीनवर तुमचं नावबी मी वाचलो नाही. दिवा बघितलो आणि बटण दाबलो."

म्हाताऱ्याचा चेहरा जरा उतरला. मग ते हसले, आणि ते हसू बराच वेळ ओठांवर राहिलं.

"बरं झालं सांगितलास. निम्म्या तालुक्याचं तसंच असणार. आता ती मतं दिव्याची, ती घेऊन मी दुसऱ्याच्या दारात कसा जाऊ? भांडण असलं तर पक्षात भांडीन. भांडलोय पण."

"मग पूल?"

"सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू. विरोधात बसलो तर मागत राहीन, उठून उठून मागीन. त्यासाठीच ठेवलंय तिथं माणूस." त्यांनी फोन बसवंताकडे सरकवला. "हा परत दे जा. आणि खर्डा आज जरा कमीच वाढलास."

दुसऱ्या दिवशी बसवंतानं मार्केटमध्ये फोन रोशनच्या हातात दिला. रोशन चिडला नाही. मळवाडीची माणसं अशीच मागं राहणार, एवढंच बोलून गेला. रिसॉर्टवर परतल्यावर बसवंतानं अहल्येला फोन करून सगळं सांगितलं. पुलाचं बहुतेक लांबणार, हेही.  मग तिनं विचारलं, आण्णांना जेवायला काय काय घातलंस. त्यानं सांगितलं, तेव्हा झुणक्यात लसूण फोडणीला घातलास की वरून, हेही तिनं विचारून घेतलं. फोन ठेवल्यावर बसवंताला हलकं वाटलं.

बहुमताच्या दिवशी सकाळीच बस आमदारांना घेऊन विधानसौधाकडे गेली. दुपारी सगळे नोकर जेवणघरातल्या टीव्हीसमोर जमले. विधानसभेत डोकी मोजायची होती: एकेका रांगेतल्या आमदारांनी उभं राहायचं, मोजून झालं की बसायचं. प्रतापरावांच्या पक्षातली काही बाकं रिकामी होती. एवढा पहारा ठेवूनही आदल्या संध्याकाळी काहीजण मागच्या फाटकातून निसटले होते. सरकार पडणार हे मोजणी व्हायच्या आधीच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

प्रतापरावांची रांग आली. त्यांच्या दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. ते उठले, सदऱ्याची बाही सारखी केली आणि समोर बघत उभे राहिले. मोजणारा पुढच्या रांगेकडे वळला तरी ते थोडा वेळ तसेच उभे होते.

बसवंताचा फोन वाजला. चामराजपेटहून धनलक्ष्मी बोलत होती. तीही टीव्हीसमोरच होती.

"ते मधले, तेच ना तुमचे आण्णा?" तिनं विचारलं.

"तेच."

"स्वल्प वाकलेत की हो," ती म्हणाली. "पण उठताना बाकाला हात टेकले नाहीत."