गुलाल लागलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. जाडजूड पुस्तकाएवढी कॅसेट माझ्या तोंडात सरकवली की मी ती आत ओढून घ्यायचो आणि टीव्हीवर चित्र दाखवायचो. आज मी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका दुकानाच्या माळ्यावर, मोडक्या दिव्याशेजारी पडून आहे. पोटात झुरळांनी संसार थाटलाय. त्याचं मला एवढं दुःख नाही. दुःख आहे ते एका कॅसेटचं. ती मी पुसली.

माझा जन्म कुठल्यातरी दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काहीच आठवत नाही. मला आठवतं ते १९९४ सालचं हे दुकान. जोतीरामनं खोक्यातून मला बाहेर काढलं, त्याच्या आईनं माझ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, ‘‘ह्याला सकाळचा चा बी लागतोय काय रं?’’ सगळे हसले. माझं आयुष्य असं हसण्यात सुरू झालं.

जोतीराम लग्नांचं शूटिंग करायचा आणि त्याची बायको शालन कॅसेटी नीटनेटक्या करायची. एका व्हीसीआरमध्ये शूटिंगची मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. नको तो भाग आला की बटण दाबून थांबायचं, हवा तो आला की सोडायचं. कुणाच्या तोंडातला घास, कुणाची नाक पुसणारी मामी, सगळं ती हलक्या हातानं गाळायची. पुष्कळदा मांडीवर लेकरू दूध पीत असायचं आणि ती एका बोटानं काम करायची. लेकराला धक्का नाही, चित्राला झटका नाही. लोक म्हणायचे, ‘‘कॅसेट करावी तर शालनवैनीनंच.’’ मला वाटायचं, यातलं थोडं कौतुक माझंही आहे.

आमच्या दुकानाची एक रीत होती. जोतीरामच्या घरचं दैवत जोतिबा. तिथला गुलाल डबीत भरून टेबलावर ठेवलेला असे. गिऱ्हाईकाला त्याचं काम पोचतं झालं, की मूळ कॅसेटच्या चिठ्ठीवर जोतीराम चिमूटभर गुलाल लावायचा. गुलाल लागला म्हणजे काम देवाच्या कृपेनं पार पडलं. आता ही कॅसेट माझ्यात घालून कोरी करायची आणि पुढच्या लग्नाला न्यायची. नऊ वर्षं या रितीनं एकदाही घात केला नाही.

२००३ साली दुकानात कॉम्प्युटर आला. लोकांना आता सीडी हवी होती. नवरा-नवरी गुलाबाच्या पाकळीत बसलेले, वरून चांदण्या पडणाऱ्या! माझ्याकडे आता फक्त मूळ कॅसेट लावून तिचं चित्र तारेतून कॉम्प्युटरला पाजायचं काम उरलं. सीडी करायची तर कॉम्प्युटरमधल्या एका सॉफ्टवेअरमधूनच. पण ते होतं फुकटचं, नमुन्याचं. पूर्ण पैसे भरेपर्यंत प्रत्येक चित्राच्या मधोमध ते आडवी इंग्रजी अक्षरं उमटवायचं. पांढरी, बोटभर जाड.

‘‘अवो, ही अक्षरं नेमकी तोंडावर येत्यात,’’ शालन म्हणाली. ‘‘पैसं भरून घेऊन टाकूया की.’’

‘‘तेवढ्या पैशात दुसरा कॅमेरा येतोय,’’ जोतीराम म्हणाला. ‘‘आणि कशासाठी? पडद्यावरच्या फुलांसाठी? फुलं काय मार्केटात मिळंनात व्हय?’’

‘‘मग लोकास्नी सीडी देऊ नगा.’’

‘‘सीडी न्हाय दिली तर समोरचा देतोय. सीझन होऊ दे, मग बघू.’’

दोघंही खोटं बोलत नव्हती. जोतीराम रोज संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर ‘घ्यावं’ आणि ‘नको’ असे दोन रकाने पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी पान फाडायचा.

अशात वारणानगरहून बाळासो आला. साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणारा, हातावर भाजल्याचे डाग असलेला, मोठ्यानं बोलणारा माणूस. त्याच्या लेकीचं, स्नेहलचं लग्न आम्ही कोल्हापूरच्या कार्यालयात शूट केलं होतं. जावई मिलिटरीत. चौथ्या दिवशी तो स्नेहलला घेऊन आसामला निघूनही गेला. आणि स्नेहलची आई अंबूबाई लग्नाला येऊच शकली नव्हती. पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन ती घरी अंथरुणाला खिळली होती.

‘‘डॉक्टरनं सांगितलंय, जास्त दिस न्हाईत,’’ बाळासो म्हणाला. तेवढं एकच वाक्य तो हळू बोलला. ‘‘सगळं लगीन ऱ्हाऊ दे. अक्षता पडताना पोरीचं तोंड कसं झालतं, तेवढं तिला बघायचंय. सीडीचं मशीन घेऊन ठेवलंय मी.’’

शालननं दहा दिवस खपून सीडी केली. अक्षता पडतात, स्नेहल डोळे मिटते, मग हळूच उघडते. आणि बरोबर तिथं, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, ती पांढरी अक्षरं.

‘‘आत्ता हीच न्या, दादा,’’ जोतीराम म्हणाला. ‘‘आठ दिवसांत पैसं भरतो, अक्षरं जात्यात. मग साफ सीडी करून देतो.’’

शालन त्या दिवशी दुकानात नव्हती. लेकीला गोवर निघाला म्हणून ती घरी होती. बाळासो आला होता थेट जोतिबाच्या डोंगरावरून. रविवार होता, बायकोसाठी पायी डोंगर चढून त्यानं जोतिबाचा खेटा घातला होता. कपाळ, मिशा, शर्ट सगळं गुलाबी. सीडी हातात पडताच त्याला भरून आलं. खिशातला गुलाल काढून त्यानं जोतीरामच्या कपाळाला लावला, कॉम्प्युटरला लावला, माझ्या डोक्यावर उधळला. मग टेबलावरची कॅसेट दिसली. ‘‘हितं माझी पोरगी हाय न्हवं?’’ असं म्हणत त्यानं तिच्या चिठ्ठीवर अंगठ्यानं गुलाल दाबला.

मित्रांनो, त्याचा तो अंगठा मला अजून दिसतो.

मंगळवारी एकाच मुहूर्तावर दोन लग्नं होती. कॅसेटी कमी पडल्या. जोतीरामनं गुलाल पाहिला आणि सवयीनं ती कॅसेट माझ्यात सरकवली; घाईत तिची चिठ्ठीही बदलली नाही. कॉम्प्युटरचं पोट लहान, आणि मूळ कॅसेट आहेच, म्हणून त्यातलं स्नेहलचं लग्न त्यानं सकाळीच काढून टाकलं होतं. त्यानं माझं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. यंत्राला नको म्हणता येत नाही. मी एकेक पुसत गेलो. हळद, सनई, मामानं धरलेला हात, अक्षता, मिटलेले डोळे. उघडलेलेही.

आठवड्यानं बाळासोचा फोन आला. शालननं घेतला.

‘‘वैनी, अंबू इचारतीया, पोरीच्या तोंडावर काय लिवलंय? अक्षरं गेली काय?’’

शालननं फोन ठेवला आणि नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. तिच्या त्या बघण्यानं वहीतले दोन्ही रकाने मिटले. त्याच दिवशी पैसे गेले, चार दिवसांनी पुण्याहून सॉफ्टवेअर आलं. कोऱ्या पडद्यावर एकही अक्षर नव्हतं. शालननं स्नेहलच्या नावाची, गुलाल लागलेली कॅसेट शोधून पदरानं मायेनं पुसली, माझ्या तोंडात ठेवली, आणि मी चित्र दाखवलं. घोड्यावर कुणीतरी परका नवरदेव. पुढं बँड. नाचणारी पोरं.

‘‘ही ती न्हवं,’’ ती म्हणाली. मागं घेतली, पुढं नेली. ‘‘अवो, ही ती न्हवंच.’’

जोतीरामनं तो बँड ओळखला. मंगळवारच्या लग्नातला होता.

दुसऱ्या दिवशी बाळासो आला, तेव्हा शालननंच गुलालाच्या रितीसकट सगळं सांगितलं. तो ओरडेल, मला उचलून आपटेल असं वाटलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तो गुलालाच्या डबीकडं बघत राहिला.

‘‘म्हंजी मीच लावला,’’ तो म्हणाला.

‘‘न्हाय दादा, चूक आमची हाय,’’ शालन रडत म्हणाली. ‘‘आम्ही बघायला पायजे हुतं.’’

‘‘तिला सांगू नगा काय. मी सांगतो, अक्षरं पुसायला येळ लागतोय म्हणून.’’

अंबूबाई आणखी एकवीस दिवस जगली. नंतर बाळासो एकदाच दुकानात आला, सीडीवर ओरखडे पडले म्हणून. ‘‘अंबू सारखी लावायला सांगायची,’’ तो म्हणाला. ‘‘अक्षता आल्या की मान वाकडी करायची. जरा कडंनं बघितलं म्हंजी अक्षरामागचं दिसंल, असं वाटायचं तिला. शेवटच्या दिवशी मान हलंना, तर मला म्हणाली, टीव्हीच जरा तिरका करा की.’’

त्या सीझननंतर शालननं एडिटिंग सोडलं. मला माळ्यावर टाकलं ते तिनंच. मला तिचा राग नाही.

मित्रांनो, नवी वस्तू घ्यावी की नाही, फुकटचं चालवावं की पैसे मोजावेत, याचा विचार माणसानं जरूर करावा. पण तुमच्या विचार करण्यात दुसऱ्या कुणाचे दिवस संपत असतील, तर रकाने पाडू नका. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि नेमकं काय हवंय ते नीट ऐका. अंबूबाईला पाकळ्या नको होत्या, चांदण्या नको होत्या. तिला फक्त एक तोंड पाहायचं होतं, आणि ते दहा दिवस, एकाही अक्षराविना, माझ्या शेजारच्या कॅसेटमध्ये होतं. मला, त्या कॅसेटला आणि दुकानातल्या टीव्हीला एका रिक्षात घालून वारणानगरला न्यायचं, एवढंच करायचं होतं. कुणाला सुचलं नाही. आणि मला बोलता येत नव्हतं.